सोळाव्या वर्षीची शपथ

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडाभर ध्वजारोहण होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि भाषणांतून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आदराने घेतले जाते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तर हे नाव वर्षभर डोळ्यांसमोर असते. १९९४ मध्ये १७ सप्टेंबर याच दिवशी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. लातूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या गुणपत्रिकेवर ते छापलेले असते. परंतु नाव जितके परिचित तितका माणूस अपरिचित, ही आपल्याकडच्या थोरांची नेहमीची गत आहे. भगवी वस्त्रे, तुरुंगवास आणि निजामाचा पराभव यापलीकडे त्यांच्याविषयी फारसे कोणाला सांगता येत नाही. निजामाच्या सत्तेशी झुंजणारा हा नेता मुळात एका खेड्यातला शाळामास्तर होता. त्याच्या कामात अपयशाचे, बंदीचे आणि आपल्याच माणसांच्या मतभेदांचे प्रसंग यशापेक्षा अधिक आले आणि त्या सर्व काळात त्याच्या गाठीशी शाळकरी वयातल्या एका दिवसाची आठवण होती, हे तर अभावानेच सांगितले जाते.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आज कर्नाटकात असलेल्या विजापूर-गुलबर्गा भागात त्यांचा जन्म झाला. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा जेथे एकाच ओसरीवर बोलल्या जातात, असा तो मुलूख. बालपणीचे काही शिक्षण दत्तक्षेत्र गाणगापूर येथे झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. घरची स्थिती बेताची होती. सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे, व्यापाराचे आणि राजकीय जागृतीचे शहर होते. लोकमान्य टिळकांचे नाव तेथे घरोघरी पोचलेले होते.

३१ जुलै १९२० च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला. १ ऑगस्टला ही वार्ता महाराष्ट्रभर पसरली. मुंबईत अंत्ययात्रेला लोटलेल्या जनसागराची वर्णने पुष्कळ वाचावयास मिळतात. पण त्या दिवशी गावोगावच्या शाळांतील, वसतिगृहांतील आणि वारावर जेवणाऱ्या मुलांच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, त्याची नोंद क्वचितच कोणी ठेवली. व्यंकटेशच्या बाबतीत ती नोंद आहे, कारण ती त्यांनी स्वतःच ठेवली. लोकमान्यांच्या निधनाची वार्ता ऐकून त्यांनी त्या दिवशी मनाशी शपथ घेतली की, आजन्म ब्रह्मचारी राहून हे आयुष्य देशाच्या सेवेत घालवावयाचे. तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

त्या काळात अशा शपथा अनेक मुलांनी घेतल्या असतील. पुढे संसार लागला, नोकरी लागली, की बहुतेकांची शपथ पेटीतल्या जुन्या कागदासारखी तळाशी जाते. त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण सोळाव्या वर्षी माणूस जे ठरवितो त्याला त्याने जन्मभर बांधून घ्यावे, असा काही नियम नाही. खेडगीकरांचे वेगळेपण एवढेच की, ते त्या दिवसाकडे पुन्हा पुन्हा परत आले. साठी उलटल्यावर हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहावयास बसले, तेव्हाही त्या दिवसाचा उल्लेख केल्याशिवाय त्यांना पुढे जाता आले नाही.

योगायोग असा की, महात्मा गांधींची असहकाराची चळवळ १ ऑगस्ट १९२० याच दिवशी सुरू झाली. एक युग संपले त्याच दिवशी दुसरे सुरू झाले, आणि या मुलाच्या मनात ही दोन्ही युगे एकत्र नांदली. त्यागाची ओढ त्याने टिळकांच्या मृत्यूपासून घेतली आणि वाट गांधींची धरली. सरकारी शिक्षणावर बहिष्काराची हाक आली तेव्हा तो राष्ट्रीय शिक्षणाकडे वळला आणि खानदेशातील अमळनेरला गेला. तेथून पुण्याच्या टिळक विद्यापीठात त्याचे उच्च शिक्षण झाले. हे विद्यापीठ लोकमान्यांच्या स्मरणार्थच १९२१ मध्ये स्थापन झालेले होते. लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून त्यांनी तेथली एम. ए. च्या तोडीची पदवी मिळविली. पुढे एका सरंजामी राजवटीविरुद्ध जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करताना या अभ्यासाचा उपयोग त्यांना झाला असणार, यात शंका नाही.

शिक्षण संपल्यावर काही काळ ते कामगारनेते नारायण मल्हार जोशी यांच्याबरोबर होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेच्या संस्थापकांत जोशी प्रमुख. मुंबईच्या गिरणी कामगारांची दुःखे खेडगीकरांनी तेथे जवळून पाहिली. मुंबईत राहून राष्ट्रीय पातळीवरचा कामगार पुढारी होण्याचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. त्यांनी तो सोडला आणि १९२९ मध्ये ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणून दाखल झाले.

हिप्परगा आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे, लातूरहूनही फार लांब नाही. असहकाराच्या काळात व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी आदी मंडळींनी तेथे राष्ट्रीय शाळा उभी केली होती. त्या काळच्या हैदराबाद संस्थानात अशी शाळा चालविणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल होते आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या एक कोटी साठ लाखांहून अधिक. सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी भाषेचे. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा तो १९८२ मध्ये झाला. प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी. पण राज्यकारभार उर्दूत, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच. मातृभाषेतून शिकविणारी खासगी शाळा ही सरकारच्या दृष्टीने संशयाची जागा होती. त्यातच १९२९ मध्ये गश्ती क्रमांक ५३ निघाली आणि परवानगीवाचून जाहीर सभा भरविणे हा अपराध ठरला. सभा नाही, संघटना नाही, वृत्तपत्रेही जवळजवळ नाहीत. उरला होता तो शाळेचा वर्ग.

म्हणूनच या काळातील मराठवाड्याच्या राजकारणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शाळांचा इतिहास आहे. हिप्परग्याच्या शाळेत बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी खेडगीकरांना मिळाले. अभ्यासाच्या जोडीला देश म्हणजे काय, प्रजेचे हक्क म्हणजे काय, हे मुलांना कळू लागले. काम खडतर होते. पैशाची चणचण कायमची, सरकारी नजर सतत रोखलेली आणि यशाचे माप दाखविता येईल असे काहीच हाती नाही. मुंबईतल्या मोठ्या व्यासपीठावरून आलेल्या तिशीच्या आतल्या माणसाला, आपण येथे येऊन चूक तर केली नाही ना, असे वाटण्यासारखीच ही परिस्थिती होती.

अशा वेळी त्यांनी काय केले, तर शपथेची गाठ अधिक घट्ट बांधली. १४ जानेवारी १९३२ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, हिप्परगा येथे स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, असा आपला सर्वसाधारण समज. स्वामीजींनी दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेचे काम पुढे चालू ठेवले. ते ना हिमालयात गेले, ना त्यांनी मठ स्थापन केला. सोळाव्या वर्षी मनात घेतलेली शपथ अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी वस्त्रांवर आणली, असे मला तरी वाटते. सोलापूरच्या त्या मुलाला दिलेला शब्द आता सर्वांना दिसेल असा झाला. मागे फिरण्याचा दोर त्यांनी स्वतःच्या हाताने कापला आणि मग शंकेला जागाच उरली नाही.

हिप्परग्यात पुढे काम करणे अवघड झाल्यावर १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. त्या वेळी या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले. उभे केलेले काम मागे ठेवून दुसऱ्या गावी पुन्हा पाटी-खडूपासून आरंभ करावयाचा, हा अनुभव शिक्षकी पेशातल्यांना ठाऊक आहे. योगेश्वरीतून पुढे मुक्तिसंग्रामातले किती कार्यकर्ते निघाले ते पाहिले म्हणजे या दुसऱ्या आरंभाचे मोल कळते.

शाळेबाहेरचे जगही हलू लागले होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. लातूर ही त्या वेळची भरभराटलेली व्यापारपेठ. पुढे रझाकारांचा नेता म्हणून कुप्रसिद्ध झालेला कासिम रझवी हा याच लातुरात वकिली करीत होता, हा इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास म्हटला पाहिजे. परिषदेचा सूर प्रारंभी नेमस्त होता. अर्ज करावेत, विनंत्या कराव्यात, सरकारचा रोष ओढवून घेऊ नये, असे मानणारी ज्येष्ठ मंडळी तीत होती. स्वामीजींना आणि तरुणांना हे पुरेसे वाटेना. १९३८ मध्ये शाळा सोडून ते पूर्णवेळ राजकीय कार्यात उतरले.

हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. पण संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीपाठोपाठ काही दिवसांतच स्वामीजींनीही सत्याग्रह केला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ते आत असतानाच, डिसेंबरमध्ये, महात्माजींच्या सल्ल्याने हा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह त्याच वेळी चालू असल्याने स्टेट काँग्रेसच्या राजकीय मागण्यांना जातीय रंग येईल, अशी भीती होती. निर्णय समजण्यासारखा होता. तरीही शाळा सोडून, घर सोडून तुरुंगात आलेल्यांच्या मनाला तो लागला नसेल असे म्हणता येत नाही. चळवळ थांबलेली, संघटना बेकायदा, आणि आपण मात्र गजांआड!

बंदी आठ वर्षे टिकली. या काळात, काँग्रेस हे नाव सोडले तर सरकार नरमेल, असा सूर नेमस्त सहकाऱ्यांतून उमटत होता. स्वामीजी नाव सोडावयास तयार नव्हते, कारण ते नाव सोडणे म्हणजे भारताच्या लढ्याशी असलेले नाते सोडणे होते. १९४० मध्ये गांधीजींच्या अनुमतीने निवडक कार्यकर्त्यांसह त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा कारावास पत्करला. १९४२ च्या चळवळीत आणखी एकदा. बाहेर यावे, विखुरलेले धागे जुळवावेत, आणि जुळतात न जुळतात तोच पुन्हा आत जावे, असा हा क्रम होता. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली, तेव्हा अध्यक्षपदासाठी त्यांना आपल्याच संघटनेत निवडणूक लढवावी लागली. तीत बुर्गुल रामकृष्णराव यांच्यावर त्यांनी मात केली, ती अगदी थोड्या मतांच्या फरकाने. ज्याच्यामागे सारे संस्थान उभे होते असे आपण आज भाषणांत म्हणतो, त्याच्या पाठीशी संघटनेतले जेमतेम अर्ध्याहून थोडे अधिक लोक होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

पुढचा भाग तुलनेने परिचित आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील व्हा दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकविला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर सुटका, आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. सरहद्दीवरील छावण्यांतून चाललेला लढा दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी सहकाऱ्यांनी चालविला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अहिंसा मानणारा नेता तुरुंगात आणि त्याचीच माणसे बाहेर शस्त्र हाती घेऊन रझाकारांशी लढताहेत, हा पेच स्वामीजींच्या वाट्याला आला. स्वसंरक्षणासाठी शस्त्र धरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना त्यांनी कधी झिडकारले नाही. हे गांधीविचाराशी सुसंगत होते का, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावयासही हवा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी मुक्त झाले. विजयानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. पण तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तिदिनाच्या आपल्या भाषणांत हे प्रकरण सहसा येत नाही. स्वामीजींचा लढा राजवटीविरुद्ध होता, धर्माविरुद्ध नव्हता, असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे. पण मग हेही सांगितलेच पाहिजे.

स्वामीजींच्या खऱ्या कसोटीचा काळ, माझ्या मते, यानंतरचा आहे. तुरुंगात माणसाला शत्रू समोर दिसतो. विजयानंतर तो दिसत नाही. स्टेट काँग्रेसमधले जुने गट आता सत्तेच्या अपेक्षेने समोरासमोर आले. गोविंदभाईंसारखे डाव्या विचारांचे निकटचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले. स्वामीजी डाव्यांना जवळ करतात, असा ठपका एका बाजूने, आणि ते डाव्यांबरोबर बाहेर पडत नाहीत, अशी नाराजी दुसऱ्या बाजूने. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले ते रामकृष्णराव. ज्याने लढा उभा केला तो कधी मंत्रीही झाला नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, ही मागणी त्यांनी लावून धरली. ज्या राज्याच्या मुक्ततेसाठी आयुष्य वेचले तेच राज्य नकाशावरून पुसले जावे, असे म्हणावयास मोठी अलिप्तता लागते, आणि शिवाय आपल्याच पक्षातल्या अनेकांचा विरोध सोसावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात आणि कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्यांच्या नेतृत्वाचा जो प्रदेश होता तो तीन राज्यांत वाटला गेला आणि त्यांची राजकीय भूमी जवळजवळ नाहीशी झाली.

ते खचलेले दिसत नाहीत. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. १९५० मध्येच त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालेले होते. गावाचे नाव नाही, देणगीदाराचे नाव नाही; लोकांचे महाविद्यालय एवढेच नाव. नरहर कुरुंदकर यांनी याच महाविद्यालयात अध्यापन केले आणि पुढे ते त्याचे प्राचार्य झाले. संसद सुटल्यावर स्वामीजी शिक्षणसंस्था आणि खादी-ग्रामोद्योग यांच्या कामात राहिले. हिप्परग्याचा मास्तर पुन्हा आपल्या मूळ कामाकडे आला होता. शपथेत सत्तेचा शब्द नव्हता, सेवेचा होता. त्यामुळे सत्ता न मिळणे हे त्या शपथेच्या हिशेबात अपयशच नव्हते. लहानपणच्या त्या दिवसाचा आधार त्यांना सर्वाधिक लाभला असेल तर तो तुरुंगातल्या दिवसांत नव्हे, या उत्तरायुष्यात, असे त्यांच्या चरित्राकडे पाहताना वाटते. लिखाण करताना आठवणींना हात घातला तोही याच वर्षांत.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचे निधन झाले. तेथील बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले, नांदेडच्या विद्यापीठालाही मिळाले. त्यांनी ज्या खादी कार्यात मन घातले, त्याची मराठवाड्यातील समिती नांदेडला आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजासाठी खादीचे कापड तयार होते. प्रक्रिया होऊन ते नांदेडला येते, तेथे मापाने कापले जाते, तीन रंगांच्या पट्ट्या शिवल्या जातात, मधोमध चक्र उमटविले जाते आणि तो ध्वज देशाच्या निरनिराळ्या भागांत रवाना होतो.